कीबोर्ड दबत नाही, डिस्क दिसत नाही: दोन्ही एकदम गेल्यासारखं वाटतं तेव्हा

"अरे, कीबोर्ड पण गेला आणि हार्ड डिस्क पण गेली," माझी मावसबहीण, आमची ताई, फोनवर म्हणाली. ऐन जुलै, कुडाळला धो धो पाऊस, आणि लॅपटॉप सात वर्षांचा. गावातल्या दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला होता: "मॅडम, बोर्ड गेलाय, नवीनच घ्या." चालू केला की कंपनीचा लोगो यायचा आणि मशीन तिथेच थिजायचं. एफ२, एफ१२, एस्केप, काहीही दाबा, ढिम्म. कधीतरी दहा-पंधरा मिनिटांनी काळ्या पडद्यावर बूट होण्याजोगी डिस्क सापडत नसल्याची एक ओळ यायची.

मी तिला एवढंच सांगितलं की चार्जर काढून ठेव, आणि मी येईपर्यंत "आता होतोय का बघू" म्हणून एकदाही चालू करू नकोस. चार दिवसांनी गेलो, खालचं झाकण उघडलं, डिस्क बाहेर काढली आणि डिस्कशिवायच लॅपटॉप सुरू केला. एफ२ दाबल्याबरोबर बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा लॅपटॉपमधला मूळ प्रोग्राम, उघडला. कीबोर्ड मेलेला नव्हता. मरत होती ती डिस्क, आणि तिने सगळ्यांना अडवून धरलं होतं.

झालं होतं असं. लॅपटॉप सुरू होताना बायॉस जोडलेल्या प्रत्येक डिस्कला विचारतो, तयार आहेस का? चांगली डिस्क लगेच हो म्हणते. खराब डिस्क ना हो म्हणते ना नाही. बायॉस वाट बघत बसतो, आणि पुष्कळ मशीनवर तेवढा वेळ बटणांकडे कोणी बघत नाही. विंडोज उघडल्यावरही हाच प्रकार होतो: डिस्क अडली की माउस कसाबसा हलतो, पण टाइप केलेली अक्षरं मिनिटभराने एकदम उमटतात. त्यामुळे दोन्ही एकदम गेलं असं वाटलं की मी आधी डिस्कवर संशय घेतो.

उघडण्याआधी

लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि कडेने नीट बघा. टचपॅड वर आलंय का? कीबोर्डचा मधला भाग फुगीर दिसतो का? झाकण नीट बंद होत नाही का? तसं असेल तर बॅटरी फुगलेली आहे. तीच कीबोर्डला खालून ढकलते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये हार्ड डिस्क तिच्या शेजारीच असते. अशा वेळी चार्जिंग बंद, दाबणं बंद, टोकदार वस्तू जवळ नको. बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या, बाकीचं नंतर.

मग आठवा, आणि घरच्यांनाही विचारा: चहा सांडला होता का? "थोडासाच सांडला होता, लगेच पुसला" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी विचारत नाही, वास घेतो. दूध-साखरेचा चहा वाळला की कीबोर्डच्या आतल्या थरांत चिकट पापुद्रा धरतो. पाण्यापेक्षा तो वाईट. तांदळाच्या डब्यात लॅपटॉप पुरल्याने तो निघत नाही, वर पोर्टमध्ये तांदूळ अडकतात.

आता उरलेली वीज काढून टाका. चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. बॅटरी आत असेल तरी चार्जर काढून बटण तेवढंच दाबून धरा. काही मॉडेलच्या पाठीवर पिन घालायचं बारीक भोक असतं, तेही याच कामाचं. हा उपाय फुकटचा आहे आणि कीबोर्ड अडकलेल्या केसमध्ये कधीकधी एवढ्यावरच भागतं. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यानंतर पुन्हा चालू करून बघू नका, थेट डिस्क काढायच्या पायरीवर जा.

आवाज ऐका

फिरणारी डिस्क कानाला सगळं सांगते. लॅपटॉप चालू करून तळाला कान लावा. सलग मंद घुरघुर आणि मधूनमधून बारीक खरखर हे ठीक. ठरावीक अंतराने टक… टक… टक… येऊन फिरणं थांबलं, तर वाचणारं हेड जागेवर बसत नाहीये. नुसतं बारीक कुंईं येऊन गप्प झाली, तर मोटर अडकलीय. काहीच आवाज नसेल तर वीजच पोचत नाही, किंवा ती मुळात एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपवाली डिस्क, आहे. एसएसडी कसलाही आवाज न करता जाते.

टकटक ऐकू आली आणि आत मुलाचे लहानपणचे फोटो, प्रबंध, धंद्याचे हिशेब असं परत न मिळणारं काही असेल, तर इथेच थांबा. हे घरी करायचं काम नाही. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर नॅनोमीटरमध्ये मोजतात आणि तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत असते. प्रत्येक वेळी चालू करून बघताना ती आणखी खरवडली जाऊ शकते. डेटा परत मिळवून देणाऱ्या, स्वच्छ खोली असलेल्या ठिकाणी द्या. देण्याआधी तपासणीचे किती, आणि काहीच मिळालं नाही तर किती, हे दोन आकडे लिहून घ्या. डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा जुना नुस्खा कोणी सुचवला तर हात जोडा. कोकणातल्या हवेत फ्रिजमधून काढलेल्या वस्तूवर दोन मिनिटांत दव धरतं.

बाहेरचा कीबोर्ड लावून बघा

तीन-चारशे रुपयांचा साधा, वायरचा यूएसबी कीबोर्ड शेजाऱ्याकडून आणा. ब्लूटूथचा नको, बायॉसमध्ये तो बहुधा चालत नाही. यूएसबी पोर्ट दोन प्रकारचे असतील तर काळा, म्हणजे जुन्या प्रकारचा, आधी वापरा.

चालू करताना बायॉसचं बटण टकटक दाबत राहा. डेल, एसर, आसुसवर बहुधा एफ२, एचपीवर एस्केप आणि मग एफ१०, थिंकपॅडवर एफ१. लेनोवोच्या बऱ्याच आयडियापॅडवर कडेला पिनेचं एक भोक किंवा छोटं बटण असतं, त्याला नोवो बटण म्हणतात. लॅपटॉप बंद असताना ते दाबलं की बायॉस, बूट मेनू (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायची जागा) वगैरेंची यादी समोर येते. कीबोर्ड बंद असलेल्या माणसाला याच्याइतका उपयोगी शोध नाही, आणि गंमत म्हणजे लॅपटॉपवाल्याला बहुतेक वेळा ते आहे हेच माहीत नसतं.

आता निष्कर्ष. बायॉसमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड चालतो आणि विंडोजमध्ये चालत नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा. दोन्हीकडे चालत नाही पण यूएसबीचा दोन्हीकडे चालतो, तर कीबोर्ड किंवा त्याची रिबन केबल, म्हणजे त्याला बोर्डशी जोडणारी चपटी पट्टी. यूएसबीचाही कुठेच चालत नाही आणि मशीन लोगोवर थिजलंय, तर अजून काहीही ठरवू नका. पुढची पायरी करा.

डिस्क काढून बघा

मऊ फडकं, बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, जुनं एटीएम कार्ड आणि स्क्रू ठेवायला इडलीचा साचा. साचा खरंच घ्या: प्रत्येक खळग्यात एकेका बाजूचे स्क्रू. लांबीला ते वेगवेगळे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरच्या पॅनेलला आतून टेंगूळ येतं.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सुटा करणं. हे टाळून पुढे जाऊ नका. मग डिस्क शोधा. फिरणारी डिस्क साधारण पत्त्यांच्या कॅटएवढी, अडीच इंची. एसएसडी अडीच इंची असेल किंवा च्युइंगगमच्या पट्टीसारखी, एका स्क्रूने बसवलेली. अडीच इंची डिस्क पुष्कळ मॉडेलमध्ये पातळ फ्लेक्स केबलने बोर्डला जोडलेली असते. ही केबलच खराब झाल्याचं मी डिस्क खराब होण्याच्या खालोखाल पाहिलंय. आधी दोन्ही टोकं काढून पुन्हा नीट बसवा, घडी किंवा चीर आहे का बघा.

मग डिस्क पूर्ण बाहेर ठेवा, बॅटरी जोडा आणि डिस्कशिवाय सुरू करा. बायॉस झटक्यात उघडला आणि बटणं चालली, तर दोषी सापडला. एचपीवर डिस्क नसताना ३एफ० असा संकेत दिसेल, घाबरू नका, डिस्क आपणच काढलीय. डिस्कशिवायही यूएसबी कीबोर्ड दाद देत नसेल, तर मात्र बोर्डाचा संशय खरा धरावा लागतो. तिथे चिप-लेव्हल काम करणारा, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग बदलणारा माणूस लागेल.

आधी डेटा, मग दुरुस्ती

इथे लोक घाई करतात, म्हणून मी रेंगाळतो.

डिस्क जिवंत आहे पण आजारी आहे, असं असेल तर तिच्यावर काहीही लिहू नका. विंडोज "स्कॅन करून दुरुस्त करू का" विचारेल: नाही. "फॉरमॅट करावं लागेल" म्हणेल: नाही. इंटरनेटवर प्रत्येक दुसरा माणूस चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम चालवायला सांगतो. ते चांगल्या डिस्कवरच्या बिघडलेल्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी आहे. मरणाऱ्या डिस्कवर ते तासन् तास तोच खराब भाग घासत बसतं, वर नोंदीही बदलतं.

सोय अशी करा. सॅटा-टू-यूएसबी अडॅप्टर, म्हणजे अडीच इंची डिस्क यूएसबीला जोडणारी वायर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत कोणत्याही दुकानात मिळतो. डिस्क पट्टीसारखी एनव्हीएमई असेल तर तिचं वेगळं केसिंग लागतं, खाच जुळते का बघून घ्या. अडीच इंची डिस्कला यूएसबीचे ५ व्होल्ट पुरतात, पण फिरायला सुरुवात करताना ती जास्त करंट खेचते. म्हणून निळ्या यूएसबी ३ पोर्टला थेट लावा, हबमध्ये नको. हबमध्ये लावून "डिस्क मेली" ठरवलेल्या दोन डिस्क मी चालू अवस्थेत परत केल्या आहेत.

डिस्क दुसऱ्या विंडोज लॅपटॉपला लावता येते, पण विंडोज फार आगाऊ. डिस्क दिसली की तिच्यात डोकावू लागतं. मी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली) घालतो, डिस्क काढलेला तोच लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करतो, "उबंटू वापरून बघा" निवडतो आणि पडदा पूर्ण उघडल्यावरच डिस्क यूएसबीतून जोडतो. बूट मेनूसाठी डेल, लेनोवो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. पूर्वी विंडोज नीट बंद झालं नसेल तर उबंटू त्या डिस्कवर बहुधा नुसतं वाचू देतं, लिहू देत नाही. आपल्याला तेच हवंय.

डिस्क उघडताना कुलपाचं चिन्ह दिसलं आणि किल्ली मागितली, तर ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करायच्या सोयीने, बंद आहे. किल्ली ४८ आकडी असते, आणि बऱ्याचदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता त्यात जपून ठेवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरा आणि कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर डिस्क कितीही ठणठणीत असली तरी आतलं वाचता येणार नाही. बायॉसची सेटिंग बदलली तरी विंडोज हीच किल्ली मागू शकतं, म्हणून हे काम मी सेटिंगला हात लावण्याआधी करतो.

मग डिस्कची तब्येत. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, उबंटूत डिस्क्स नावाचं ॲप. लांबलचक तक्त्यातल्या चारच ओळी बघा. क्रमांक ५: खराब होऊन बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. १९७: वाचता न आल्यामुळे ताटकळत असलेले सेक्टर. १९८: वाचण्याची आशा सोडलेले. १९९: केबलमधल्या चुका. क्रिस्टलडिस्कइन्फोत हेच ०५, सी५, सी६, सी७ असे दिसतात, आणि शेवटच्या रकान्यातले आकडेही सोळाच्या पायावर असतात. तिथे १० दिसलं तर ते दहा नव्हे, सोळा. सेटिंगमधून दशमान करून घ्या. १९७ शून्याच्या वर असेल तर आजच डेटा काढा. फक्त १९९ वाढलेला असेल तर डिस्कला दोष देऊ नका, ती फ्लेक्स केबल बदला.

कॉपी करताना क्रम महत्त्वाचा. सगळं निवडून ओढायचं नाही. आधी ज्याशिवाय झोप लागणार नाही ते फोल्डर, मग कागदपत्रं, मग उरलेले फोटो. सिनेमे आणि गाणी सोडून द्या. एखाद्या फाइलवर कॉपी अडली की रद्द करा, पुढची घ्या, तिथे झुंजत बसू नका.

अर्ध्याहून अधिक फाइली अडत असतील तर पद्धत बदला: डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची आणि नंतर त्या प्रतीवर काम करायचं. त्यासाठी डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम. सिस्टमरेस्क्यू नावाच्या तयार पेनड्राइव्हवर ते असतंच. उबंटूत घालायचं तर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, सुरुवातीला एक जी जास्त. त्याला तीन गोष्टी याच क्रमाने द्यायच्या: आजारी डिस्क, प्रत जिथे ठेवायची ती फाइल, आणि कुठवर वाचून झालं ते टिपणारी नकाशाची फाइल. पहिल्या दोघांची अदलाबदल झाली तर आजारी डिस्कवरच लिहिलं जाईल, म्हणून एंटर दाबण्याआधी नावं मोठ्याने वाचा. प्रत ठेवायला आजारी डिस्कहून मोठी डिस्क हवी. पहिली फेरी एन हा पर्याय देऊन करा. त्यात सहज वाचता येणारा भाग आधी उचलला जातो आणि अवघड भाग मागे ठेवला जातो. दुसऱ्या फेरीत आर३ द्या, मग तो उरलेल्या भागावर तीनदा प्रयत्न करतो. नकाशाच्या फाइलमुळे मध्येच वीज गेली तरी काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ही सोय नसती तर मी हे सुचवलंच नसतं.

ताईच्या ५०० जीबीच्या डिस्कला दोन रात्री लागल्या. मध्ये डिस्क तापली म्हणून टेबलफॅन लावला. मुंजीचे फोटो सगळे आले, एका कार्यक्रमाचा व्हिडिओ अर्धा आला.

एसएसडीचं सांगायचं तर, ती बायॉसला दिसतच नसेल तर घरी फारसं काही करता येत नाही. पुसलेल्या फाइली परत मिळवण्याची आशाही कमीच, कारण ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा ती स्वतःच साफ करत असते.

आता कीबोर्ड

डिस्कचा अडथळा दूर झाल्यावर ताईचा कीबोर्ड चालला, पण पुरता नाही. उबंटूत टाइप करून बघितलं तर ८, आय, के आणि स्वल्पविराम मुके. आसपासची बटणं व्यवस्थित. हा नमुना ओळखायला शिका. कीबोर्डच्या आत प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. एक तार गेली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. एकच बटण गेलं तर बहुधा खाली कचरा किंवा रबर फाटलेलं. ठरावीक चार-सहा बटणांचा गट गेला तर जाळीची तार, आणि तिथे विचारल्यावर ताईला तीन महिन्यांपूर्वीचा चहा आठवला. सगळीच गेली तर रिबन केबल.

फक्त विंडोजमध्ये अडचण असेल तर आधी फिल्टर कीज बघा. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिलं की ही सोय चालू होऊ शकते आणि मग हलकेच दाबलेली बटणं विंडोज ऐकत नाही. पुस्तक कीबोर्डवर ठेवलं तरी पुरतं. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यातल्या माणसाच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो, पासवर्ड माउसने टाका. आत गेल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डची नोंद काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा, विंडोज ती नव्याने घालतं.

रिबन केबल तपासायची तर बॅटरी पुन्हा सुटी करा. कनेक्टरला काळी किंवा पांढरी बारीक पट्टी असते, ती नखाने अलगद उचलली की केबल आपोआप सुटते. ओढायची नाही. ही पट्टी तुटली तर केबल पकडून ठेवायला काही उरत नाही, आणि शंभर रुपयांचं काम बोर्डाचं होतं. टोकावरचे चकचकीत पट्टे काळवंडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या, तिरकी होऊ न देता आत सरकवा, पट्टी दाबा.

कीबोर्ड बदलायचा तर मॉडेलचं नाव पुरत नाही. जुना काढून त्याच्या पाठीवरचा पार्ट नंबर दुकानदाराला दाखवा. रिबनची जागा आणि रुंदी, बॅकलाइट आहे-नाही, एंटरच्या बटणाचा आकार, हे सगळं जुळायला हवं. जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड वरून निघतो. नव्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो वरच्या पॅनेलला प्लास्टिकच्या डझनावारी खिळ्यांनी डकवलेला असतो. तिथे पॅनेलसकट बदला किंवा कारागिराकडे द्या. मी एकदा ते खिळे सोल्डरिंग आयर्नने वितळवून पुन्हा चेपले. स्पेसबार अजून डगडगतो.

नवी डिस्क

फिरणाऱ्या डिस्कच्या जागी अडीच इंची सॅटा एसएसडी सरळ बसते. जाडी ७ मिलिमीटर, जुनी ९.५ ची असेल तर मूळ कॅडीतच (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) बसवा म्हणजे डुगडुगणार नाही. विंडोज घालताना की विचारली तर "माझ्याकडे की नाही" निवडा. आधीचं विंडोज डिजिटल परवान्याचं असेल तर तो मदरबोर्डशी जोडलेला असतो, तीच आवृत्ती निवडलीत आणि नेट जोडलंत की आपोआप लागू होतो. विंडोज १० ला साधारण ग्राहकांसाठीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठरावीक प्रोसेसर लागतात. सात-आठ वर्षांच्या मशीनमध्ये ते आहेत का हे एसएसडीवर पैसे घालण्याआधी बघा. नसतील तर पेनड्राइव्हवरचा तो उबंटूच कायमचा घाला. ताईने तेच केलं, आणि आय-के साठी सध्या यूएसबी कीबोर्ड लावलाय.

जुनी डिस्क भंगारात देण्याआधी मात्र निकामी करा, कारण चालत नसलेली डिस्क पुसता येत नाही आणि ज्याच्याकडे साधनं आहेत तो ती वाचू शकतो. हातोडा चालतो. पण अडीच इंची डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते, म्हणून आधी जाड गोणपाटात गुंडाळा.